दुसऱ्या ऑपरेशनला सही तिची होती

माझ्या लेकीच्या हृदयाचं पहिलं ऑपरेशन 2006 साली झालं, तेव्हा ती चार वर्षांची होती. दुसरं 2024 च्या हिवाळ्यात झालं. दोन्ही मुंबईतच. दोन्हीत जड कुठलं गेलं असं कुणी विचारलं तर मी दुसरं सांगते, आणि ते लोकांना पटत नाही. "आता मोठी झाली की, तिला समजतं," म्हणतात. समजतं म्हणूनच तर जड गेलं.

आम्ही परभणी तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस-सोयाबीन. मी गावात अंगणवाडी सेविका आहे. लेक जन्मली तेव्हा सेविका नव्हते, त्यामुळं तिचे ओठ रडताना निळे-काळे पडतात याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. चालायला लागल्यावर चार पावलं पळाली की ती मधेच उकिडवी बसायची. सासूबाईंना वाटायचं, खेळायलीय. परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "पळाली की खाली बसते का?" मग त्यांनीच समजावलं. उकिडवं बसलं की पायातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि फुप्फुसाकडं जास्त रक्त जातं. असली लेकरं हे आपलं आपण शिकतात, कुणी शिकवावं लागत नाही.

आजाराचं नाव फॅलोट्स टेट्रालॉजी. दवाखान्यात सगळे टीओएफच म्हणतात. चार दोष एकदम असतात: खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. गावात मात्र "काळजाला भोक" एवढंच. पहिल्या ऑपरेशनात भोकाला पॅच लावला आणि अरुंद वाट चिरून तिथंही पॅच लावून ती रुंद केली. त्या वेळी महात्मा फुले जनआरोग्य योजना, म्हणजे सरकारच्या खर्चानं ऑपरेशन होतं ती, नव्हती. ती 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, आधी आठ जिल्ह्यांत, आणि मग राज्यभर. आम्ही एक एकर गहाण टाकून निभावलं. पोरगी गुलाबी होऊन घरी आली. औंढ्याला नागनाथाचा नवस फेडला. गावानं तिला बरी केली ती कायमची.

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. वाट रुंद करताना तिथली झडप कामातून जाते, म्हणजे फुप्फुसाकडं गेलेल्या रक्तातलं काही दर ठोक्याला उलटं उजव्या कप्प्यात येतं. लहानपणी शरीर ते सोसतं. पण कप्पा हळूहळू ताणला जातो, आणि कधीतरी नवी झडप बसवावी लागते. "दरवर्षी इको चुकवू नका," एवढं वाक्य मी धरून ठेवलं होतं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. वर्षातून एकदा मुंबई, हा आमच्या घरचा सणच झाला होता म्हणा. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, इको करायचा, दादरच्या फुटपाथवरून पोरीला क्लिपा-बांगड्या घ्यायच्या आणि माघारी.

बाविसाव्या वर्षीच्या इकोनंतर डॉक्टर म्हणाले, एमआरआय करू. उजव्या कप्प्यात किती रक्त मावतं ते एमआरआयवर नीट मोजता येतं. अंगाच्या दर चौरस मीटरला 160 मिलीच्या पुढं गेलं की फार थांबू नये, कारण त्यापुढं ताणलेला कप्पा झडप बसवल्यावरही नीट आकसत नाही. तिचा आकडा पुढं गेला होता. ट्रेडमिलवरही ती लवकर थांबली. आणि लेक म्हणत होती, "मला तर काहीच होईना."

खोटं बोलत नव्हती ती. हळूहळू कमी होत गेलेली ताकद ज्याची कमी होते त्याला कळत नाही. मला मात्र त्या रात्री गाडीत एकेक आठवायला लागलं. परभणीत अभ्यासिकेला जाताना दोन गल्ल्यांसाठी स्कूटी काढायची. जिन्यात मैत्रिणींना पुढं जाऊ द्यायची आणि मोबाइल बघत मागून यायची. बरोबरीच्या पोरी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळायच्या तर ही म्हणायची, मला खाकी आवडत नाही. तिनं तलाठी भरतीचा अभ्यास धरला होता.

आमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा येते. डॉक्टर लेकरं तपासतात, एखाद्याच्या छातीत आवाज आला तर कागद करून पुढं पाठवतात, ऑपरेशनाचीही सोय होते. 2013 पासून मी ते जवळून बघते आणि चांगलं काम आहे. पण ते अठरा वर्षांपर्यंत. जन्मजात हृदयरोगाची लेकरं आता वाचतात, मोठी होतात, त्यांना मिशा येतात, त्यांची लग्नं ठरतात, आणि नेमकं तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवणारं गावपातळीवर कुणी उरत नाही. मी गटाच्या बैठकीत हे दोनदा बोलले. मॅडमनी लिहून घेतलं.

पुढच्या भेटीत सर्जन होते. त्यांनी खुर्ची वळवली ती लेकीकडं. मी सवयीनं उत्तर द्यायला गेले, "साहेब, तिला तसा त्रास—" तर ते शांतपणे म्हणाले, "आई, तिला सांगू द्या." थोड्या वेळानं मला बाहेर बसायला सांगितलं. मासिक पाळी, पुढं मूल हवं असेल तर काय, असल्या गोष्टी त्यांना तिच्याशी एकटीशी बोलायच्या होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. राग आला, खरं सांगते. हिला बाळकडू मी पाजलं, निळी पडली की गुडघे छातीशी धरून रात्री काढल्या मी, आणि मीच बाहेर. शेजारी नाशिककडची एक बाई होती, तिचा मुलगा आत होता. ती म्हणाली, "माझा तर म्हणतो, मम्मी तू गावीच थांब." मग दोघींनी चहा घेतला.

आत ठरलं ते लेकीनं मला रस्त्यात सांगितलं. झडपा दोन प्रकारच्या. एक धातू-कार्बनची, जास्त टिकणारी, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि सारखी तपासणी. ती गोळी गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते, आणि फुप्फुसाच्या बाजूला त्या झडपेवर गुठळी धरायची भीतीही जास्त. दुसरी प्राण्याच्या उतीपासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांनी ती खराब होते. मांडीतून नळी घालून, छाती न उघडता झडप बसवता येते का, हेही तिनं विचारलं होतं. तिची वाट पॅचमुळं इतकी रुंद झाली होती की नेहमीची नळीवाली झडप तिथं धरली नसती. पण आता मोठ्या मापाची झडप बसवली तर ती खराब झाल्यावर पुढची तिच्याच आत नळीनं बसवता येण्याची आशा असते. हे सगळं तिनं वहीत लिहून आणलं होतं, अभ्यासिकेतल्या नोट्ससारखं, खाली रेघा मारून. तिनं उतीची झडप निवडली.

आता ही झडप कशाची, तर गाईच्या हृदयाभोवतीच्या पिशवीची. आमच्या सासूबाई माळकरी. घरात अंडं शिजत नाही. मालक म्हणाले, आईला सांगायचंच नाही. लेक म्हणाली, "माझ्या छातीत बसणार आहे, मी सांगते." आणि जेवताना सरळ सांगून टाकलं. सासूबाईंचा हात ताटात थांबला. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी वाती वळता वळता त्यांनी एवढंच विचारलं, "किती वरसं टिकती?" नातीनं सांगितलं. "मंग पैशे साठवा आतापासूनच," म्हणाल्या.

भांडण खरं झालं ते तारखेवरून. परीक्षा जवळ आली होती. माझं म्हणणं, परीक्षा पुढच्या वर्षी. मालकांचं म्हणणं, कापूस घरात येऊ द्या, हातात पैसा राहील. पाहुण्यांचं म्हणणं सगळ्यात पुढचं: आधी लग्न उरकून घ्या, छातीवर दुसऱ्यांदा चिरा पडला तर कोण करील? एका मामानं तर "सासरचे करतील की खर्च" असंही सुचवून पाहिलं. त्याला लेकीनं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तिनं स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारलं, परीक्षेपर्यंत थांबलं तर चालेल का. ते म्हणाले, तीन-चार महिने चालेल, वर्षं घालवू नका. मधे धडधड झाली, चक्कर आली तर लगेच या. तिनं परीक्षा दिली. त्या तीन-चार महिन्यांत मी रात्री उठून तिच्या श्वासाकडं कान देऊन बसत होते, ते तिला माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

कागदांचं सांगते, कारण यात माणसं अडकतात. फुले योजनेला रेशन कार्ड आणि आधार लागतं. आमच्या ऑनलाइन रेशन कार्डावर लेकीचं नाव होतं, पण लहानपणी लाडानं लिहिलेलं. आधारवर दुसरंच. ते जुळवून घेण्यात बरेच हेलपाटे झाले. आपल्या मराठवाड्यात पूर्वी पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही सात-बारावर योजना मिळायची, आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत आपले जिल्हे होते म्हणून. आता उपचाराच्या खर्चाची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढलीय. दवाखान्यात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याला आधी गाठा. मंजुरी येईपर्यंत तोच धागा.

दुसरा कागद त्याहून मोलाचा: पहिल्या ऑपरेशनची ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्ड नाही, नोट. पहिल्या वेळी कुठं काय चिरलं, कुठला पॅच लावला, हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या कुठून जातात, हे दुसऱ्या सर्जनला त्यावरून कळतं. इतक्या वर्षांनी मागायला गेलं तर दवाखान्यात कागद सापडेलच असं नाही. आमचा सापडला तो पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत. मालकांनी तिथं ठेवला होता, कारण शालू मी कधी बाहेर काढत नाही हे त्यांना ठाऊक.

तिसरं म्हणजे दात. ऑपरेशनच्या आधी दाताच्या डॉक्टरचं पत्र मागितलं तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्याचा कागद आला. पण किडलेल्या दातातले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसू शकतात. दोन दाढा भरून घेतल्या. आताही दाताचं असलं काही काम करायचं तर आधी प्रतिजैविकाची गोळी घ्यावी लागते, आणि झडपेचं कार्ड तिच्या पर्समध्ये असतं.

दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं असतं. पहिल्या वेळचं हाड तारांनी बांधलेलं असतं, आणि आतल्या जखमा भरताना हृदय हाडाच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेलं असू शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन करून अंतर बघतात. करवत चालवताना काही झालंच तर हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन लगेच जोडता यावं, म्हणून जांघेतल्या रक्तवाहिन्यांची तयारी ठेवतात. सर्जननी हे सगळं तिच्यासमोर सांगितलं, धोक्याच्या टक्क्यासकट. मालक भिंतीकडं बघत होते. संमतीपत्र पुढं आलं तेव्हा माझा हात पेनाकडं गेला. नर्सनं कागद लेकीकडं सरकवला, नातेवाइकाची सही खाली, नंतर. तिनं पूर्ण वाचला. दोन पानं. मधे एकदा विचारलं, "हे पेसमेकर लागू शकतो म्हणजे काय?" उत्तर ऐकलं आणि सही केली. एमपीएससीचा फॉर्म भरते तशी, अक्षर सुबक काढून.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मला फार लिहायचं नाही. सकाळी नेलं, दिवस मावळताना सर्जन बाहेर आले, म्हणाले झडप छान बसली. मधल्या वेळात गावाकडच्या मुंबईत कामाला असलेल्या पोरांनी येऊन रक्त दिलं. मालक खाली फुटपाथवर एका गाडीवाल्याशी कापसाच्या भावावर बोलत उभे राहिले होते. तो माणूस कुठला, त्याला कापसाचं काय, पण ते बोलत राहिले.

चार वर्षांची होती तेव्हा आयसीयूत मला तिच्याजवळ बरंच बसू द्यायचे. आता मोठ्यांचा आयसीयू, भेट ठरल्या वेळेला, थोडी मिनिटं. तोंडात नळी होती तोवर बोलता येत नव्हतं. तिनं माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढली. मला पहिल्यांदा लागली नाहीत. पुन्हा काढली. "पाणी." पाणी देता येत नव्हतं. नर्सनं ओल्या कापसानं ओठ पुसले. नळी निघाल्यावर पहिलं वाक्य घोगऱ्या आवाजात: "माझा फोन चार्ज आहे का?"

वॉर्डात आल्यावर खरा कस लागला. छातीतून निघालेल्या नळ्या काढताना ती किंचाळली, आणि नंतर सगळ्या वॉर्डानं ऐकलं म्हणून तोंड फिरवून रडली. तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र असतं, त्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. फुप्फुसं उघडायला, कफ सुटायला. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची, हाड हलू नये म्हणून. ती खोकला दाबायची, दुखायचं म्हणून, आणि फिजिओथेरपीच्या ताई म्हणायच्या, खोकायलाच पाहिजे. मी मधे पडले की लेक माझ्यावरच डाफरायची. ताईंसमोर मात्र खोकायची. दोन दिवसांत मी शिकले: त्यांची वेळ झाली की मी खाली जाऊन चहा घ्यायचा.

हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, हातावर भार देऊन उठायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे वेणी घालायला आईच. किती वर्षांनी तिचे केस माझ्या हातात आले. आयसीयूत एका बाजूला पडून मागं नुसता गुंता झाला होता, आणि त्यात चिकटपट्टीचा डिंक. खोबरेल लावून एकेक बट सोडवत बसले. "ओढू नको ना," ती म्हणाली. मग खाली मान घालून, माझ्याकडं न बघता: "आई, मला आरशात बघू वाटेना." नवा चिरा जुन्याच रेघेवरून गेला होता, पण जुनी रेघ पांढरी होऊन बसली होती आणि ही लाल, सुजलेली. मी म्हणणार होते की जाईल हळूहळू. म्हटलं नाही, वेणी घालत राहिले. असल्या ऑपरेशननंतर मन खाली जातं, रडू येतं, भयाण स्वप्नं पडतात, हे तिथल्या समुपदेशक बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर मी बाहेरची बाधा समजून अंगारा शोधला असता.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली होती, तिथं मालक राहिले. टाटाचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं जास्त. मालक रात्री फोनवर म्हणाले, "इथं आलं की आपलं काहीच नाही वाटायलंय."

घरी आल्यावर गाव भेटायला आलं. बिस्किटांचे पुडे, शहाळी, आणि प्रत्येकाला बघायचं. एकीनं तर गाऊनच्या गळ्याला हात घातला. लेक आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. तेव्हापासून मी ओसरीतच चहा द्यायला लागले. सासूबाई दारात पाट टाकून बसायच्या, "पोरगी निजली," म्हणायच्या, भर अकरा वाजता. लोक काय म्हणतील याची त्यांना त्या वयात काय पर्वा. स्कूटी दोन-तीन महिने बंद होती. गावातून परभणीला जाताना रस्ता असा की एकेका खड्ड्याला ती उशी धरायची.

पुढं हळूहळू मार्गी लागलं. ट्रेडमिलवर आधीपेक्षा जास्त वेळ चालते. उजवा कप्पा थोडा आकसलाय असं पुढच्या इकोत दिसलं. तलाठी काही झाली नाही, यादीत थोडक्यात राहिली, आता दुसऱ्या परीक्षेचं चालू आहे. घरी एक स्थळ आलं होतं. तिनं पहिल्याच भेटीत मुलाला झडप, वर्षं, पुढचं ऑपरेशन सगळं सांगितलं. स्थळ परत आलं नाही. तिला वाईट वाटलं की नाही ते मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

यंदाच्या तपासणीला ती मैत्रिणीला घेऊन गेली. मी पिशवी भरून तयार होते. म्हणाली, तू अंगणवाडी बघ. दुपारी लेकरांना खिचडी वाढत होते तेव्हा फोन आला. "इको चांगला आलाय. झडप गळेना. पप्पांना सांग, आजीलाही सांग. आणि आम्ही दादरला उतरायलोत, थोडे कपडे घेते."

मी विचारलं, "पैसे आहेत का?"

"नाहीत म्हणून तर फोन केला. फोन पे कर."